प्रस्तावना : अर्धवट तापलेलं इंजिन

उणे तीस अंशांत रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी सकाळी सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत काय घडतं, इथून सुरुवात करू. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावून तिची ताकद निम्म्याच्याही खाली आलेली असते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून क्रँक फिरवायला सेल्फला जास्त जोर हवा असतो. थंड पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर नेहमीपेक्षा कित्येक पट पेट्रोल सिलिंडरमध्ये फवारतो. त्यातलं थोडंच जळतं. उरलेलं गार पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर चिकटतं आणि रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरतं. इंजिन सुरू होतं. ऑइल पंप तेल ओढू लागतो, ते गाळणीतून, फिल्टरमधून, ब्लॉकमधल्या बारीक वाटांनी वर चढतं आणि अगदी शेवटी ज्या जागांना पोचतं त्यांतली एक म्हणजे टर्बोचं बेअरिंग. तोवर एक्झॉस्टच्या झोताने टर्बोचा दांडा फिरायला लागलेला असतो.

हे वाचल्यावर पहिली शंका टर्बोवरच जाते. पूर्ण वेगात मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेणारा, तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगणारा हा दांडा असल्या थंडीत टिकणार कसा? पण थंड प्रदेशांतल्या छोट्या टर्बो गाड्यांच्या ज्या तक्रारी जाहीरपणे नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत टर्बो हा मुख्य आरोपी क्वचितच असतो. तक्रारी असतात पेट्रोल मिसळून पातळ झालेल्या तेलाच्या, बर्फाने बुजलेल्या ब्रीदर पाइपच्या, दाबाने निसटलेल्या ऑइल सीलच्या. या तिन्हींचं मूळ एकच आहे: इंजिन सुरू होतं, थोडं तापतं आणि पुरतं तापायच्या आत बंद केलं जातं. या पुस्तकाची मुख्य धारणा ती हीच. छोट्या टर्बो इंजिनाला कडाक्यापेक्षा अर्धवट ऊब जास्त छळते. उणे दहाच्या गावात रोज दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला जाऊन परत येणारी गाडी ही उणे पस्तिसात रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर आजारी पडते.

या विषयाशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, आणि दाबल्यामुळे तापलेली हवा वाटेत इंटरकूलरमध्ये गार होते. जितकी हवा जास्त, तितकं इंधन जास्त जाळता येतं, म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरचं काम करतं. या साऱ्यात थंड हवा ही मदतच आहे. उणे तीस अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे वीस टक्के दाट असते. शिवाय गार हवेमुळे पेट्रोल अवेळी पेटण्याची, म्हणजे नॉकिंगची भीती कमी होते. इंजिन एकदा पुरतं तापलं की कडाक्याच्या थंडीतली टर्बो गाडी अंगात वारं भरल्यासारखी धावते, आणि जास्तीचा दाब होऊ नये म्हणून कॉम्प्युटरला वेस्टगेट, म्हणजे गरम वायूला चाक टाळून जाऊ देणारी झडप, उघडून तिला आवरावं लागतं. त्या वेळी दांड्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या वरचा वायू आणि काही सेंटिमीटरवर दुसऱ्या टोकाला उणे तीसची हवा असते. मला या यंत्रात सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याचं.

इतिहास पाहिला तर टर्बो आणि थंडी यांची गाठ जुनीच आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेऊन टर्बोसह चालवून दाखवलं. उंचावर हवा विरळ, आणि ती भरून काढायला टर्बो. मोटारीत तो आला १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन अमेरिकी गाड्यांतून. जेटफायरला तर नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून द्यावं लागे. त्यानंतर बीएमडब्ल्यू आणि पोर्शे यांनी टर्बो वेगवान गाड्यांना लावला.

रोजच्या गाडीला टर्बो लावण्याचा विचार मात्र बर्फाच्या देशातून आला. १९७७ मध्ये स्वीडनच्या साबने ९९ टर्बो आणली. पेअर गिलब्रांड यांच्या चमूने दोन लिटरच्या साध्या इंजिनाला लहान टर्बो आणि वेस्टगेट लावून कमी वेगातच जोर मिळेल अशी बांधणी केली. शर्यतीपेक्षा ओव्हरटेक करताना, चढावर, सामान भरलेलं असताना तो जोर उपयोगी पडावा, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या प्रत्येक छोट्या टर्बो इंजिनाचा वंश या हिशेबापर्यंत जातो. ज्या देशात हिवाळा अर्धं वर्ष असतो तिथेच तो मांडला गेला, ही गोष्ट ‘टर्बो थंडीत नाजूक’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात सहसा नसते.

इंजिनं लहान झाली ती मात्र थंडीचा विचार करून नव्हे. युरोपीय संघाने गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर किलोमीटरला आधी १३० आणि मग ९५ ग्रॅमची सरासरी मर्यादा घातली, आणि कंपन्यांनी सिलिंडर कमी करून टर्बो लावण्याचा मार्ग धरला. फोर्डचं २०१२ मधलं ९९९ सीसीचं इकोबूस्ट हे त्याचं ठळक उदाहरण. त्याचा ब्लॉक ए-फोर आकाराच्या कागदावर मावतो, हे कंपनी अभिमानाने सांगत असे. भारतात हाच प्रवाह वेगळ्या कारणाने आला. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन यांना करात सवलत मिळत असल्यामुळे छोट्या इंजिनाला टर्बो लावणं सगळ्यांच्याच सोयीचं ठरलं. चाकणला फोक्सवागन-स्कोडाचं एक लिटरचं टीएसआय इंजिन बनतं. त्याआधी रांजणगावात फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल बनत होतं, आणि त्याचंच भावंड पोलंडमध्ये ब्येल्स्को-ब्याव्वाच्या कारखान्यातून बाहेर पडून युरोपातले हिवाळे काढत होतं. पुण्याच्या आसपास काम करणाऱ्या शेकडो मराठी अभियंत्यांचा या विषयाशी संबंध आहे तो असा थेट.

आता तेल. थंडीच्या अभ्यासात सगळ्यात जास्त शहाणपण साचलंय ते इथे. डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं जे लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीचा. ०डब्ल्यू तेल उणे ४० अंशांनाही पंपाला ओढता आलं पाहिजे, ५डब्ल्यू उणे ३५ ला, १०डब्ल्यू उणे ३० ला, १५डब्ल्यू उणे २५ ला. ‘ओढता येणं’ ही कसोटी तेल किती घट्ट आहे याहून वेगळी आहे, हे उद्योगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स गावात एकामागून एक इंजिनं जाम झाली. त्यांतली तेलं तेव्हाच्या प्रयोगशाळेत पास झालेली होती. पण प्रयोगशाळेत तेल झपाट्याने थंड केलं जाई. सू फॉल्सला ते बाहेरच्या हवेबरोबर हळूहळू, तासन्‌तास थंड होत गेलं. तेवढ्या सवडीत तेलातल्या मेणाचे कण एकमेकांना धरून जाळी विणत गेले आणि बाटलीत थिजलेल्या खोबरेलासारखं तेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, बसून राहिलं. पंपाने पहिला घोट ओढला, त्या जागी खळगा पडला, भोवतालचं तेल तो खळगा भरायला सरकलंच नाही, आणि पंप हवा ओढत राहिला. इंजिन सुरू होतं, तेलाचा दाब शून्य. यानंतर तेल दोन दिवस सावकाश थंड करून तपासण्याची पद्धत आली, ती आजही चालू आहे. आज टर्बोला दुकानातलं साधं ०डब्ल्यू तेल उणे पस्तिसात वाचवतं त्यामागे त्या गावातली ती इंजिनं आहेत. या प्रकरणाला पुस्तकात मुद्दाम मोठी जागा दिली आहे.

तेल पंपाला ओढता आलं तरी ते तेलच राहील याची खात्री नाही. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, थंडीत, छोट्या फेऱ्यांवर, पेट्रोलचा जड भाग तेलात साठत जातो. तो उडून जायला तेल बराच वेळ चांगलं गरम राहावं लागतं. ते राहत नसेल तर डिपस्टिकवर एक विचित्र गोष्ट दिसते: तेल कमी होण्याऐवजी वाढतं. नाकाशी धरलं तर पेट्रोलचा वास येतो. २०१८ मध्ये होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाबद्दल चीनच्या थंड उत्तर भागातून नेमकी हीच तक्रार मोठ्या प्रमाणावर आली. कंपनीला तिथे नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली आणि लाखो गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. उत्तर अमेरिकेत सॉफ्टवेअर बदललं गेलं आणि वॉरंटीची मुदत वाढवली गेली. इंजिनाची रचना वाईट होती असं मी म्हणणार नाही. ते इतकं काटकसरी होतं की वाया जाणारी उष्णताच कमी, आणि थंडीत तापायला लागते ती नेमकी वाया जाणारी उष्णता.

पेट्रोलनंतर पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, हे फार थोड्या गाडीवाल्यांना माहीत असतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफेच्या रूपात निघून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या बाजूने खाली तेलाच्या कप्प्यात उतरते. इंजिन गरम असेल तर ती ब्रीदर पाइपमधून वर येऊन पुन्हा जळायला जाते. इंजिन अर्धवट तापलेलं असेल तर ती आतच गार होऊन तेलात घोटली जाते. अशा गाडीचं तेल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा मऊ थर दिसतो. बरेच जण तो पाहून हेड गॅस्केट गेलं असं समजून घाबरतात. एखादा तास महामार्गावर गाडी चालवली की तो थर बहुधा नाहीसा होतो. धोका पुढे आहे. टर्बो इंजिनात ब्रीदरची एक वाट टर्बोच्या तोंडाशी, बाहेरून येणाऱ्या हवेच्या पाइपला जुळते. दमट वाफ आणि उणे तीसची हवा त्या एका सांध्यावर भेटतात, आणि तिथे बर्फ धरतो. पाइप बुजला की तेलाच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि सर्वांत कच्ची जागा शोधतो. ती बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्रँकचं सील असते. साध्या पाइपमधल्या मुठीएवढ्या बर्फासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हा दोष फक्त टर्बोचा नाही. या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फोक्सवागनच्या टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनांनाही गोठलेल्या ब्रीदरने छळलं होतं. आता बऱ्याच कंपन्या त्या सांध्याला विजेची छोटी शेगडी किंवा गरम कूलंट देतात.

इंटरकूलरचीही अशीच कथा. समोर जाळीमागे उभा असलेला, हवेने गार होणारा इंटरकूलर उन्हाळ्यात हवाच, पण हिवाळ्यात तो इतका गार होतो की आतली वाफ तिथे साठते आणि गोठते. काही कंपन्यांनी म्हणून कूलंटने गार होणारा छोटा इंटरकूलर थेट इंजिनाच्या इनटेकमध्ये बसवला. मला ही दुसरी रचना थंड देशांसाठी उघडच सरस वाटते.

थंडीशी वागण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या पडल्या, आणि त्यांना घराणी म्हणायला हरकत नाही. पहिलं घराणं बाहेरून ऊब देणाऱ्यांचं. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिनाच्या हेडच्या बोल्टमध्ये बसणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. तिथून ब्लॉक हीटरची चाल कॅनडाच्या प्रेअरीत आणि अलास्कात पसरली. विनिपेगला किंवा एडमंटनला गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर आणि पार्किंगमधले प्लगचे खांब दिसतात ते याचे. फिनलंडमध्ये त्या खांबाला टायमर असतो, निघण्याच्या वेळेच्या एक-दोन तास आधी तो चालू होतो. दुसरं घराणं जर्मन: वेबास्टो किंवा एबरश्पेशरसारखा हीटर गाडीच्याच टाकीतलं इंधन जाळून कूलंट तापवतो, प्लगची गरज नाही. तिसरं याकुत्स्कचं. तिथे जानेवारीची सरासरीच उणे अडतीसच्या आसपास असते, म्हणून तिथले लोक गाडी थंड होऊच देत नाहीत. गरम गॅरेज, नाहीतर सगळी गाडी झाकणारी जाड पांघरुणाची खोळ, नाहीतर तासन्‌तास चालू ठेवलेलं इंजिन. हे धुराला आणि खिशाला महाग आहे, तरी त्या थंडीत त्याला दुसरा सोपा पर्याय नाही.

चौथं घराणं अलीकडचं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. ते उष्णतेचा हिशेब इंजिनाच्या आतच मांडतं. एक्झॉस्टचे मार्ग सिलिंडर हेडमध्येच ओतले की त्यांची उष्णता थेट कूलंटला मिळते. ब्लॉक आणि हेड यांचे कूलंटचे मार्ग वेगळे ठेवले, इंजिन तापेपर्यंत पाणी फिरणंच थांबवलं, जाळीमागची झापडं बंद ठेवली, की तेच इंजिन कितीतरी लवकर गरम होतं. छोट्या इंजिनात तेल आणि कूलंट कमी असल्यामुळे त्याला इथे थोडा फायदाही मिळतो. पण लहान सिलिंडरची भिंत त्याच्या आकारमानाच्या मानाने मोठी असल्याने उष्णता निसटतेही लवकर. ही दोन्ही पारडी नीट मोजलेली मराठीत तरी माझ्या पाहण्यात आली नव्हती.

सुरू केल्यावर गाडी उभ्याउभ्या किती वेळ तापवायची, हा वाद सर्व घराण्यांत आहे. कार्ब्युरेटरच्या काळात थांबावंच लागे. आजच्या थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनाला वीस मिनिटं आयडलवर ठेवणं म्हणजे तेलात पेट्रोल ओतत राहणं. ते तापतही नीट नाही. तेलाचा दाब येईपर्यंत अर्धं-एक मिनिट थांबावं आणि मग टर्बोवर जोर न देता, रेस न करता हळू निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उणे पस्तीसच्या खाली मात्र आधी ब्लॉक हीटर लावावा आणि मगच हा नियम पाळावा. छोट्या फेऱ्यांची किंमत इंधनातही चुकवावी लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार पंचवीस अंशांच्या मानाने उणे सातला शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्के घटतं, आणि फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर २४ टक्क्यांपर्यंत.

हे सगळं आज मराठीत का आणावं? एक कारण आपल्या घरातलं आहे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये हिवाळ्यात गाडीने जाणं शक्य झालं, आणि पुण्या-नाशकाहून छोटी टर्बो गाडी घेऊन केलाँग किंवा स्पितीला निघणारे तरुण वाढले. पुण्याच्या उन्हाळ्यासाठी भरलेलं तेल आणि नळाच्या पाण्याने पातळ केलेला कूलंट घेऊन ते उणे वीसमध्ये मुक्काम करतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर कूलंट उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण ग्लायकॉल नुसतंच भरलं तर ते उणे १३ लाच गोठतं, ही एक गोष्ट माहीत असली तरी ब्लॉक फुटण्यापासून वाचतो. डिझेलवाल्यांचा प्रश्न वेगळा, मेणाचा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, पण खाली मैदानात भरलेली टाकी घेऊन वर जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दुसरं कारण कॅनडा, स्वीडन, जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं. त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात पहिली गाडी बहुधा अशीच छोटी टर्बो असते.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. हायब्रिड गाड्यांत हेच छोटं इंजिन आता विजेच्या मोटारीबरोबर येतंय. बॅटरी पुरते तोवर ते बंद राहतं, मग महामार्गावर शंभराच्या वेगात, थंडगार असतानाच, अचानक भाराखाली सुरू होतं आणि चार मिनिटांत पुन्हा बंद पडतं. अर्धवट ऊब हा पूर्वी छोट्या फेऱ्यांचा अपघात होता, हायब्रिडमध्ये तो रोजचा धर्म झाला आहे.

या पुस्तकात कुठली गाडी घ्यावी, कुठली घेऊ नये याची यादी नाही. त्यातला क्रम उष्णतेच्या वाटेने जातो: ती कुठे तयार होते, कुठे निसटते, कोणत्या भागाला ती उशिरा पोचते. तेल आणि पाणी यांना निम्म्याहून जास्त पानं आहेत, टर्बोला त्यामानाने कमी, आणि हे प्रमाण विचार करून ठेवलं आहे. गणित जिथे टाळता येत नाही तिथे ते अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे गेलेलं नाही, आणि गॅरेजात जे शब्द चालतात तेच वापरले आहेत, कारण हे पुस्तक मेकॅनिकच्या टेबलावर उघडलं जावं अशी इच्छा आहे. विजेच्या गाड्यांचा हिवाळा हा स्वतंत्र विषय असल्याने तो घेतलेला नाही. शेवटचा भाग हायब्रिडचा आहे. तिथे ठाम सल्ले कमी आणि मोजण्याच्या रीती जास्त सापडतील: तेलाचं तापमान कुठे आणि कसं नोंदवायचं, डिपस्टिकची पातळी आठवड्याला कशी लिहून ठेवायची, तेल किलोमीटरवर बदलायचं की इंजिन चाललेल्या तासांवर. वाचकांनी आपल्या गाडीच्या अशा नोंदी ठेवून आमच्याकडे पाठवल्या, तर पुढच्या आवृत्तीत तो भाग त्यांच्या आधारे पुन्हा लिहिता येईल.